‘फक्त पाणी घाला’: स्कोनच्या तयार पिठाचे तीन डबे

उजव्या मनगटाला प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. मी मनात रविवार मोजले. गेली ११ वर्षं आमच्या घरी रविवारी सकाळी स्कोन, म्हणजे जाम लावून खायचे छोटे, गोल इंग्रजी पाव, होतात. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा सुरू झालं, ते आजतागायत. कधी बेदाण्यांचे, कधी सफरचंदाचे, कधी फ्रीजरमधल्या ब्लूबेरींचे. डाव्या हाताने चमचा फिरवता येतो, ट्रेसुद्धा कशीबशी सरकवता येते, पण मैद्यात गार बटर चोळायचं तर दोन्ही हातांची बोटं लागतात. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्कोनचं तयार पीठ मागवलं. एकदम तीन डबे. ते वापरून, त्यांत फेरफार करून, शेजारी घरचे स्कोन ठेवून जे दिसलं ते इथे लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे बरं-वाईट सांगायचंय ते या पद्धतीचंच आहे.

डबा ३५० ग्रॅमचा. कृती चार ओळींची: ११० मिली गार पाणी घाला, गोळा करा, दोन सेंटिमीटर जाडीचं थापून गोल कापा, २०० अंशांवर १५ मिनिटं भाजा. आठ स्कोन होतील. घटकांत मैदा, साखर, पाम तेलापासून केलेला घट्ट स्निग्ध पदार्थ, बेदाणे ७ टक्के, दुधाची पावडर, फुगवणारे क्षार, मीठ. बटर नाही. समोरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘अंडं लागत नाही’. आणि कडेच्या पट्टीवर, बारकोडच्या खाली, अगदी बारीक टाईपात: ‘यात अंड्याचे अंश असू शकतात’.

माझ्या मुलीला अंड्याची ॲलर्जी आहे. लेबल वाचल्याशिवाय आमच्याकडे काहीच उघडलं जात नाही, म्हणून ते वेळेत दिसलं. पण मला याचा खरंच राग आला. ‘अंडं लागत नाही’ म्हणजे करताना वेगळं अंडं घालावं लागत नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ. ज्या घरात ॲलर्जीचं मूल आहे तिथे त्याच ओळीचा अर्थ ‘चालेल’ असा होतो. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी, एकाच आकारात छापायला हवीत. मागवण्याआधी जी चित्रं पाहिली होती त्यांत ती कडेची पट्टी नव्हतीच. तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा: ॲलर्जी असेल तर डब्याच्या सगळ्या बाजू पाहिल्याशिवाय घेऊ नका. हे तीन डबे मुलीसाठी नव्हते हे त्याच क्षणी ठरलं. ते आम्ही दोघांनी आणि शेजारच्या काकूंनी खाल्ले.

पहिला डबा जसाच्या तसा केला, कृतीतला एक शब्द न बदलता. नवऱ्याने थापलं, मी डाव्या हाताने कटर दाबला. कौतुकाच्या गोष्टी आधी सांगते. पीठ पाच मिनिटांत तयार झालं. ओट्यावर पसारा नाही, वाडगा एकच. आठच्या आठ स्कोन एकसारखे फुगले, दोन सेंटिमीटरचे जवळजवळ चार झाले, एकही कललेला नाही. रंग छान सोनेरी. मीठ-साखरेचं प्रमाण चांगलं. आणि एक गोष्ट माझ्या अपेक्षेच्या उलट झाली: दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्कोन माझ्या नेहमीच्या स्कोनपेक्षा मऊ होते. घरचा स्कोन भाजल्यावर चार-पाच तासांत खावा, दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो आणि परत गरम करावा लागतो. डब्यातला टिकला.

मग एक हातात घेऊन तोडला. चांगल्या स्कोनच्या कमरेला एक फाट असते. फुगताना तो तिथे स्वतःहून उकलतो, सुरी लावावी लागत नाही, दोन अंगठे घातले की वरचं झाकण सुटतं. आतला भाग सपाट नसतो. पापुद्रे असतात, मध्ये मध्ये लहान-मोठ्या पोकळ्या असतात, जाम तिथे जाऊन बसतो. डब्यातल्या स्कोनला फाट नव्हती. तोडला तर आत सगळीकडे सारखी, बारीक, गोल छिद्रं. बोटाने दाबलं की दबतो, परत वर येतो. केकच तो, फक्त स्कोनच्या आकारात. चव वाईट मुळीच नव्हती. गोडसर, दुधाळ, पण बटरचा वास शोधूनही सापडत नव्हता.

असं का होतं ते सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी. घरी आपण गार बटर मैद्यात चोळतो तेव्हा काही बटर रव्यासारखं बारीक होतं आणि काही वाटाण्याएवढ्या चपट्या तुकड्यांत तसंच राहतं. हे तुकडे ओव्हनमध्ये जाईपर्यंत घट्ट राहिले, तर भट्टीच्या झळीने ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ आजूबाजूचं पीठ ढकलते आणि तिथे पोकळी राहते. पापुद्रा म्हणतो तो हाच. तयार पिठात स्निग्ध पदार्थ कारखान्यातच मैद्यात इतका बारीक मिसळलेला असतो की तुकडा नावाला शिल्लक नसतो. कणाकणाला तेल लागलेलं असल्यामुळे स्कोन मऊ होतो, दुसऱ्या दिवशीही बरा राहतो, पण वाफेला ढकलायला जागाच उरत नाही. डबा आपले चोळण्याचे श्रम वाचवतो हे खरं. स्कोनला स्कोन करणारं जे काम, तेच नेमकं त्यात आधी उरकून टाकलेलं असतं.

बेदाण्यांचंही सांगून टाकते. दुसरा डबा उघडल्यावर सगळं पीठ चाळणीतून काढलं आणि वर राहिलेले बेदाणे वजनकाट्यावर ठेवले. २३ ग्रॅम. लेबलवरच्या ७ टक्क्यांच्या हिशेबाने साडेचोवीस हवेत, म्हणजे फसवणूक काही नाही, प्रमाणच तेवढं आहे. आठ स्कोनना वाटले तर एकाच्या वाट्याला तीन ग्रॅमही येत नाहीत. मी २२५ ग्रॅम मैद्याला ७५ ग्रॅम घालते. डब्यातले बेदाणे सुकेही फार होते, आणि सुके बेदाणे पिठातलं पाणी ओढून घेतात. म्हणून प्रत्येक बेदाण्याभोवती पीठ जरा कोरडं लागतं. घरी करताना मी ते १० ते १५ मिनिटं कोमट चहात भिजवते, घट्ट पिळते, कापडावर पसरून कोरडे करते आणि मगच घालते. बेदाणा दाताखाली फुटला पाहिजे.

दुसऱ्या डब्यात म्हणून मी हात घातला. पाण्याऐवजी दूध, त्यात लिंबाचा रस. फ्रीजरमधल्या ब्लूबेरी ७५ ग्रॅम, न वितळवता. इथे माझी एक चूक झाली. दूध आंबट केलंय तर थोडा सोडा हवा असं वाटून मी पाव चमचा बेकिंग सोडा वरून टाकला. तयार पिठात फुगवणारे क्षार आधीच पुरेसे होते. स्कोन भाजून आले तेव्हा प्रत्येक ब्लूबेरीभोवती हिरवट निळं कडं होतं, बुरशीसारखं दिसणारं. काकूंनी विचारलंच, “अगं, हे खाल्लं तर चालेल ना?” चालतं, अपाय काही नसतो. ब्लूबेरीचा जांभळा रंग आम्लात लालसर होतो आणि क्षारात निळा-हिरवा. सोडा जास्त झाला की तो आधी रंगात दिसतो, मग जिभेवर साबणासारखा लागतो. ब्लूबेरी घालणार असाल तर सोड्याच्या वाटेला न जाता बेकिंग पावडरवर भागवावं, हे मी तेव्हा शिकले.

मुलगी १५ वर्षांची आहे, तिने का नाही चोळलं, असा प्रश्न पडेल. तिने चोळलं ना. दुसऱ्याच रविवारी, घरचा मैदा, घरचं बटर घेऊन मनापासून बसली. पोरीचे हात गरम आणि तिला ते अगदी एकसारखं व्हायला हवं होतं, म्हणून दहा मिनिटं चोळत राहिली. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि तळहात त्याच्या आसपासच असतो. बघता बघता पीठ पिवळं, ओलसर, मातीसारखं झालं. स्कोन ट्रेवर पसरले, बूड तेलकट. ती हिरमुसली. मी तिला म्हटलं, “बाळा, हात चुकला नाही, वेळ चुकली. बटर गार असेपर्यंतच आपलं.” तेव्हापासून आमच्याकडे बटर फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवून किसणीच्या मोठ्या भोकांवर किसायचं ठरलं. किसलेलं बटर मैद्यात टाकायचं, बोटांच्या टोकांनी फक्त मोकळं करायचं, की झालं. चोळणं जवळजवळ नाहीच. ज्यांची बोटं दुखतात, ज्यांचे हात गरम असतात, ज्यांच्याकडे लहान मुलं मदतीला असतात, त्या सगळ्यांसाठी याच्याइतका सोपा उपाय मला माहीत नाही.

पण एका हाताने किसताही येत नाही. तिसऱ्या रविवारी मला जे सापडलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं: क्रीम. बटर आणि दूध दोन्ही काढून टाकायचं आणि त्यांच्या जागी नुसतं घट्ट क्रीम घालायचं, ज्यात ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. काही नवलाची गोष्ट नाही, अमेरिकेत अशा स्कोनची जुनी पद्धतच आहे. मी इतकी वर्षं बटर चोळण्याच्या अभिमानात तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. २२५ ग्रॅम मैदा, तीन चहाचे चमचे बेकिंग पावडर, २५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. हे सगळं चमच्याने ढवळायचं. ७५ ग्रॅम फळ. मग फ्रीजमधलं गार क्रीम थोडं थोडं ओतत २५० ते २८० मिलीपर्यंत. डाव्या हाताने, लाकडी चमच्याने, एका मिनिटात गोळा झाला. चोळणं नाही, किसणं नाही, अंडं नाही. मुलीला निर्धास्त देता येणारे, ‘फक्त पाणी घाला’ इतकेच सोपे आणि चवीला कितीतरी उजवे स्कोन एका हाताने झाले.

खरं सांगायचं तर क्रीमच्या स्कोनलाही बटरसारखे मोठे पापुद्रे सुटत नाहीत, कारण यातही घट्ट तुकडे नसतात. पण तो डब्यातल्यासारखा केकही होत नाही. आत मऊसर, रवाळ, दुधाचा दाट वास, आणि वरून खरपूस. गोळा थापून एकदा तिहेरी घडी घातली आणि परत थापला तर थोडे थर दिसतातही. त्या दिवशी डब्यातले दोन उरलेले स्कोन आणि हे क्रीमचे, एकाच ताटलीत ठेवले होते. नवरा न सांगता क्रीमच्या स्कोनकडे तिसऱ्यांदा वळला, तेव्हाच माझा हा अभिप्राय अर्धा लिहून झाला होता.

आता डबा न घेता घरात जे असेल त्यातून कसं भागवायचं, ते सविस्तर लिहिते. डबा घेण्यामागे बहुतेकांचं कारण हेच असतं की पाककृतीत लिहिलेली एखादी वस्तू घरात नाही.

इंग्रजी कृतींत पहिली अडचण असते सेल्फ-रेझिंग फ्लोअरची. तो म्हणजे बेकिंग पावडर आणि कधी कधी थोडं मीठ आधीच मिसळलेला मैदा. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. साधा मैदा असेल तर १५० ग्रॅमला दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, म्हणजे २२५ ग्रॅमला तीन, आणि दोनदा चाळून घ्या. चाळलं नाही तर एखाद्या घासात पावडरचा कडवट खडा लागतो. बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. लगेच खळखळून बुडबुडे आले तर चांगली, नाही आले तर फेकून द्या, स्कोन फुगणार नाहीत. पावडर संपलीच असेल तर एका चमच्याऐवजी पाव चमचा बेकिंग सोडा आणि अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पावडर) चालतं. फक्त मग गोळा झाल्यावर रेंगाळू नका. हल्लीची बहुतेक बेकिंग पावडर ओली झाल्यावर एकदा आणि उष्णता लागल्यावर परत एकदा वायू सोडते. हे घरचं मिश्रण आपलं काम ओलं होताच सुरू करतं आणि लवकर संपवतं. बेकिंग पावडरबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते त्याला एक कारण आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती १८४३ मध्ये केली ती बायकोसाठी, तिला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हती. माझ्या मुलीच्या प्रत्येक स्कोनमध्ये त्या घरातली काळजी आहे, असं मला वाटतं.

गव्हाचं कोंड्यासकट पीठ वापरायचं असेल तर निम्म्यापर्यंत खुशाल वापरा. ते पाणी जास्त पितं, तेव्हा दोन मोठे चमचे दूध वाढवा आणि गोळा दहा मिनिटं झाकून ठेवा. पूर्ण त्याचेच केले तर जड होतात, खाताना पाणी लागतं.

बटरमिल्क, म्हणजे ताकासारखं आंबट, दाट दूध, नाही? २४० मिली दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला, पाच-दहा मिनिटं ठेवा, किंचित फाटल्यासारखं दिसलं की तयार. ते खऱ्या बटरमिल्कइतकं दाट होत नाही, म्हणून सगळं एकदम ओतू नये. मला त्याहून आवडतं ते तीन भाग दही आणि एक भाग दूध फेटून. दह्याचे स्कोन आतून जास्त मऊ राहतात आणि किंचित आंबटपणा फळाला उठाव देतो. आणि काहीच नसलं तर साधं दूध. २२५ ग्रॅम मैद्याला ५५ ग्रॅम बटर आणि १५० मिली दूध हे जुनं इंग्रजी प्रमाण अगदी भरवशाचं आहे, मी त्याच्यापासूनच सुरुवात केली होती. प्राणिजन्य काही नको असेल तर सोयाचं किंवा ओटचं दूध चालतं, रंग थोडा फिका येतो. वरून लावायला अंडं नको असेल तर दूध किंवा क्रीम लावा, चमक कमी पण रंग येतो. मात्र फक्त माथ्यावर. कडेने ओघळलं तर ते खालच्या पिठाला चिकटतं आणि स्कोन त्या बाजूला फुगत नाही.

स्निग्धाची अदलाबदल मात्र जपून करावी. बटरऐवजी घट्ट मार्गारिन चालतं, चव कमी. खोबरेल तेलात पाणी नसतं, म्हणून ५५ ग्रॅम बटरच्या जागी ४५ ग्रॅम पुरतं, पण ते २४ अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. गोठवून तुकडे केलेलं असेल तरच घाला आणि लगेच ओव्हनमध्ये सरकवा. पातळ तेल घालून मी एकदा केले होते, भुसभुशीत झाले, उचलताना तुटत होते. परत नाही केले. पीठ बदला, दूध बदला, फळ बदला, स्कोन सांभाळून घेतो. गारवा नसला तर मात्र काहीच सांभाळून घेत नाही.

फळांचं प्रत्येकाचं वेगळं. ब्लूबेरी आणि रास्पबेरी गोठलेल्याच, सगळ्यात शेवटी, दोन-तीनदाच पीठ उलटवून. वितळवल्या तर गोळा जांभळा चिखल होतो. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तिचे लहान तुकडे करून कागदावर पंधरा मिनिटं ठेवते आणि दूध दोन मोठे चमचे कमी घालते. तरीही ती मला जाम म्हणून बाहेरच जास्त आवडते. सफरचंद माझं लाडकं. सालासकट, हरभऱ्याएवढे तुकडे, वर चिमूटभर दालचिनी. किसून घातलं तर पिळून घ्यावं लागतं आणि पिळल्यावर चवच राहत नाही, म्हणून तुकडेच. जर्दाळू, अंजीर, क्रॅनबेरी बेदाण्यांसारखेच भिजवून. पिकलेलं केळं अर्धं कुस्करून घातलं तर ५० मिली दूध कमी करा आणि साखर निम्मी. स्कोन जरा घट्ट होतो, पण मुलीच्या मैत्रिणी तोच मागून नेतात.

कापण्याबद्दल डब्यावर एक महत्त्वाची ओळ नाही, ती असायला हवी होती: कटर पिळू नका. पिठात बुडवलेला कटर सरळ खाली दाबायचा, सरळ वर उचलायचा. पिळला की कडा लिंपल्यासारखी बंद होते आणि स्कोन एका बाजूला कलतो. आणि दोन सेंटिमीटर कमी आहे, अडीच तरी ठेवा. स्कोन मुळात जेवढा जाड तेवढाच उंच जातो. ट्रेवर एकमेकांच्या जवळ ठेवले तर पसरायला जागा नसते, वर चढतात. कापून झाले की ट्रे १५ मिनिटं फ्रीजमध्ये.

आणि ओव्हन. डब्यावर २०० अंश आहे, मी २२० वर १२ ते १५ मिनिटं भाजते. बेकिंग पावडरला आणि वाफेला एकदम झळ हवी. माझ्या ओव्हनचं बटण २२० दाखवतं तेव्हा आत २०० असतं, हे मला आतला थर्मामीटर आणल्यावर कळलं. त्याआधी दोन वर्षं माझे स्कोन फिकट आणि बसके का होतात ते समजत नव्हतं. तयार पिठाच्या दोन-तीन डब्यांऐवजी तो छोटा थर्मामीटर घ्या, असं मी कुणालाही सांगेन.

तर डब्याला माझे पाचपैकी अडीच गुण. फुगण्याला आणि सोयीला पूर्ण, चवीला निम्मे, फळाला जेमतेम, आणि अंड्याच्या सूचनेसाठी एक गुण मी स्वतः कापलाय. घ्यावा कुणी? ज्याच्या घरात वजनकाटा नाही, मैदा ठेवला जात नाही, वर्षातून एखाद्या वेळी पाहुण्यांसाठी गरम काहीतरी हवंय, त्याने जरूर घ्यावा. वसतिगृहात, प्रवासात, नव्या घरात सामान लागायच्या आधी तो उपयोगी पडेल. ज्याला दर आठवड्याला स्कोन करायचेत त्याने घेऊ नये. आणि हात दुखतोय म्हणून घेत असाल, माझ्यासारखे, तर त्याआधी एकदा क्रीम वापरून बघा. वेळ नसतो म्हणून घेत असाल तर एका रविवारी दुप्पट स्कोन कापा, निम्मे कच्चेच गोठवा. हवे तेव्हा फ्रीजरमधून थेट ओव्हनमध्ये, चार-पाच मिनिटं जास्त. तुमचा स्वतःचा तयार डबा होतो तो, आणि त्यात काय काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं.

तिसरा डबा प्लास्टर निघाल्यानंतरच्या रविवारी उघडला. बोटं अजून आखडलेली होती, चिमटीत जोर नव्हता. मुलीने ३० ग्रॅम गोठलेलं बटर किसून दिलं, मी ते तयार पिठात मोकळं केलं, पाण्याऐवजी दही-दूध, त्यांच्या बेदाण्यांत माझे भिजवलेले ५० ग्रॅम. अडीच सेंटिमीटर, २२० अंश. त्या डब्याच्या स्कोनना पहिल्यांदाच कमरेला फाट आली. मुलीसाठी ओव्हनच्या दुसऱ्या खेपेला, वेगळ्या ट्रेवर, धुतलेल्या कटरने कापलेले क्रीमचे होते. ती ओव्हनच्या काचेशी वाकून बसली होती. “आई, वर चढतायत बघ,” म्हणाली, आणि मी उजव्या हाताने पहिल्यांदा बटर आणि जामची बाटली फ्रीजमधून काढली.